एक भाग राखून

बेटाचं नाव बालमणीला अजून नीट म्हणता येत नाही,
ती नुसतं ‘तिकडं’ म्हणते.
तिकडं पाण्यात शिरायला नावही लागत नाही.
पाठीवर नळकांडं घेऊन किनाऱ्यावरून चालत जायचं,
गुडघा, कंबर, छाती, मग डोकं,
गणपती घेऊन तलावात उतरतात तसं.
नाव नको हे तिनंच ठरवलं.
तुळजापूरच्या एसटीत तामलवाडी येईस्तोवर
तिला दोन पिशव्या लागतात.

भिशी लागली फेब्रुवारीत.
अकरा बायकांना वाटलं, फ्रिज घेईल.
तिनं विडी कारखान्याचं जुनं पासबुक काढलं,
मागच्या कोऱ्या पानांवर विमान मांडलं,
खोली मांडली, भाड्याचे पायपंख मांडले,
आणि उरलेल्या खड्ड्यात माझा फंड ओतला.

तिकडच्या पोरानं फोनवर नियम सांगितला:
हवेचे तीन भाग करायचे,
एक जायला, एक यायला,
एक राखून. त्याला हात लावायचा नाही.
बालमणी हसली.
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी येतं.
तीस वर्षं ती पिंप असंच वाटते आहे.
‘एवढंच ना,’ म्हणाली, ‘मला येतंय की.’

खोल गेलं की कान दुखतात,
नाक दाबून आत फुंकायचं.
भाकरी थापता थापता सराव चालतो,
नाकावर दोन्हीकडं पिठाची बोटं.

मग फॉर्म आला. चौतीस प्रश्न.
तिनं भरभर सगळ्यांपुढं ‘नाही’ लिहिलं.
तंबाखूच्या भुकटीत जन्म काढून
तिची छाती अशी कोरी कशी, डॉक्टरलाही कळेना.
माझी कोरी नव्हती.
रंगखात्यातली वाफ, हायड्रोचा वास,
अशोक चौकातल्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला,
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
‘मामा, तुम्ही आपले वरच बसा.’

रिक्षात ती गप्प होती.
घरी येऊन पासबुक उघडलं,
माझ्या नावापुढचं नळकांडं खोडलं,
खुर्ची लिहिली. छत्री लिहिली.
त्याखाली, बारीक अक्षरात:
‘काठावरून बुडबुडे दिसतात का, विचारणे.’
दिसतात म्हणे,
वारा नसेल तर.

मी तिला एकच काम सांगितलंय.
खालचा निळा बघून ये.
एकतीस वर्षं मी निळा उकळला,
मोरपंखी, आकाशी, शाळेच्या गणवेशाचा,
आखाती ऑर्डरीचा, जो तीनदा परत आला.
खोल पाण्यात लाल आधी मरतो म्हणतात.
माझ्या हौदात तो कधी मेला नाही,
नखांत बसून घरी यायचा, जेवायला.

कमरेला शिसं बांधावं लागतं,
नाहीतर माणूस तरंगतो.
किती किलो, ते अंगाच्या वजनावर.
तो आकडा तिनं पान दुमडून ठेवलाय.

शेवटचा दिवस मात्र कोरडा.
बुडून आलेल्यानं लगेच उडायचं नाही,
रक्तातली हवा निवू द्यायची.
त्या दिवशी काय करायचं, तिनं विचारलं.
मी म्हटलं, टॉवेल वाळवू.
टॉवेल आपलेच न्यायचे, चार.
शेंगाचटणी अर्धा किलो, कडक भाकरी दोन चवडी.
किल्ली शेजारच्या नरसूबाईकडं,
दोन पाणी आमच्या माघारी येतील,
पिंप तिनं भरायचं.

आज पाचवा दिवस.
पहाटे तीनला नळाला आधी हवा आली,
लांब, खोकल्यासारखी.
बालमणी अंधारात उठून बसली,
नाक धरलं,
आणि मी वर, खाटेवर,
मोजत राहिलो.